ज्या दारापुढे भजन गप्प होतं

आमच्या गल्लीत हिवाळा कानांवर दिसतो. महाराष्ट्रातले वाचक हसतील, कारण इथे स्वेटर लागत नाही. पण धनुर्मास, म्हणजे इकडचा मार्गळी महिना, सुरू झाला की निम्मं कुंभकोणम कानांना मफलर गुंडाळून दूध आणायला निघतं. दव डोक्यावर पडलं की छातीत उतरतं, अशी सगळ्यांची खात्री आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जन्मभर या समजुतीची थट्टा केली. यंदा अम्मानं स्वतःची जुनी शाल त्यांच्या डोक्याला बांधली आणि ते काहीच बोलले नाहीत. बोलायला श्वास लागतो, आणि तो ते जपून वापरत होते.

त्यांची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. तंजावरच्या डॉक्टरांनी हे अगदी सरळ सांगितलं: आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाच्या पायथ्याशी ते दिवसभर धापा टाकतं, आणि त्याची पातळ नळी अप्पांच्या नाकापर्यंत जाते.

हे मशीन आमच्याच गटाचं. महामारी ओसरल्यावर गावात अशी काही मशीनं धूळ खात पडली होती. एक निवृत्त नर्स, एक ऑटोवाले आणि मी अशा आम्ही काही जणांनी ती गोळा केली. ज्याला गरज असेल त्याच्या घरी नेऊन द्यायची, वापरायला शिकवायची आणि काम झालं की परत आणायची. काम झालं की, असं आम्ही म्हणतो. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. इन्नंबूरला भातशेताच्या बांधावरून मशीन डोक्यावर घेऊन गेले आहे मी. तिरुक्करुगावूरला एका घरात मशीन ठेवून बाहेर आले तर रस्त्यावर बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून तिथल्या देवीला आलेल्या पोरींची रांग होती, आणि मला उगाचच त्यांचा राग आला होता. मग मशीन आपल्याच घरात ठेवायची वेळ आली. मशीनच्या बाटलीत पाणी किती घालायचं हे मी शेकडो वेळा शिकवलं असेल. त्या दिवशी अम्माला ते मला वाचून दाखवावं लागलं.

आणि ते मशीन धड चालत नव्हतं. त्यातला एक भाग झिजला होता. तो परदेशातून येतो, आणि तो घेऊन येणारी जहाजं समुद्रातल्या लढाईमुळे नेहमीच्या वाटेनं न येता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येत होती. माझा थोरला भाऊ आखातातल्या एका बंदरावर नोकरीला आहे. तो फोनवर म्हणायचा, "जहाजच दिसत नाही अगं, तर भाग कुठला दाखवू तुला." त्याची स्वतःची रजाही अडकली होती, कारण विमानांना आकाश कधी बंद होईल याचा नेम नव्हता. मी त्या युद्धाविरुद्ध तमिळमध्ये पत्रक लिहिलं होतं आणि बसस्टँडवर उभी राहून वाटलं होतं. लोकांनी ते नीट हातात घेतलं, कुणी वाद घातला नाही, आणि हेच मला सर्वांत जास्त लागलं. कुणीतरी शिवी तरी द्यायला हवी होती.

मी पत्रकांवरच वाढले. बसस्टँडमागे अप्पांचा छोटा छापखाना होता. पोटासाठी तमिळ लग्नपत्रिका, आणि स्वतःसाठी पत्रकं: पाण्याबद्दल, भाववाढीबद्दल, जातीबद्दल, देवळातल्या रांगांबद्दल. महाराष्ट्रातून त्यांचे कुणी दोस्त टपालानं मराठी पत्रकांचे गठ्ठे पाठवायचे. घरात आम्ही बोलतो ते मराठी आमच्या पूर्वजांनी तंजावरच्या भोसल्यांच्या काळात इकडे आणलेलं, त्यात तमिळ मिसळत गेलेलं. पुण्याहून आलेला पाहुणा ते ऐकून पहिल्यांदा गप्प होतो आणि मग हसतो. लिहायचं मराठी मी त्या गठ्ठ्यांतून शिकले. त्यामुळे माझ्या गद्याला अजूनही कुणाला तरी जाब विचारायची सवय आहे.

त्या सगळ्या पत्रकांपैकी एकच काय ते यशस्वी झालं, आणि यंदा तेच आमच्या दारात येऊन उभं राहिलं.

मार्गळीत आमच्या गल्लीतून पहाटे भजन फिरतं. पुढे भागवतर, म्हणजे भजन सांगणारे, मागे टाळ, मृदंग आणि पाच-दहा माणसं. प्रत्येक दारापुढे थांबतात, एखादं कडवं म्हणतात, घरची बाई भागवतरांच्या तांब्याच्या पात्रात मूठभर तांदूळ घालते आणि भजन पुढच्या दाराकडे सरकतं. मी लहान असताना या भजनाबरोबर ढकलगाडीवर लाऊडस्पीकर असायचा. अप्पांनी त्यावर पत्रक काढलं. त्यात मागण्या दोनच. पहिली, स्पीकर काढा. दुसरी, ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे त्या घरापुढून तरी मुकाट जा. देवाला ऐकू येत असेल तर त्याला तेवढं कळेल.

गल्ली खवळली होती. आमच्या ओट्यावर कुणीतरी त्या पत्रकांचे शेणात माखलेले गोळे आणून ठेवले. अम्मा ते उचलताना म्हणाली, "शेण तरी चांगलं वापरलंय."

भागवतर आमच्यातलेच, मराठी घरातले, अप्पांचे शाळेतले वर्गमित्र. पितळी भांड्यांचं दुकान चालवतात. भजन शिकले ते मरुदानल्लूरच्या मठात. अप्पा आणि ते एकमेकांना शाळेपासून 'अरे' म्हणत आले आणि चाळीस वर्षं भांडत आले. स्पीकर काही काळानं बंद झाला. भागवतर म्हणतात, तो बिघडला म्हणून. पण दुसरी मागणी त्यांनी मनावर घेतली. त्यांची स्वतःची आई त्या वर्षी अंथरुणावर होती. तेव्हापासून असं ठरलं की आजाऱ्याच्या घराजवळ आलं की टाळकरी टाळ तळव्यात मिटतात, मृदंगावर पंजा पडतो आणि सगळे पावलांचा आवाजही कमी करून पुढे जातात. दोन घरं ओलांडल्यावर पुन्हा सूर लागतो.

चांगली गोष्ट होती. आम्हाला तिचा अभिमान होता. पण साध्या तापासाठी कुणी भजन थांबवायला सांगत नाही; सांगतात ते अगदी शेवटाला आलेल्या माणसासाठी. त्यामुळे वर्षं गेली तसा गल्लीनं त्या गप्प होण्याचा अर्थ लावून टाकला. पहाटे दारात रांगोळी काढणाऱ्या बायका एकमेकींना विचारतात, "आज कुणाच्या दारापुढे गप्प झाले?" आणि मग त्या घराकडे बघायची त्यांची नजर बदलते. इडलीचं पीठ उसनं मागायला त्या घरी कुणी जात नाही. त्या घरातल्या पोराशी सगळे हळू बोलतात.

यंदा महिना अर्धा उलटल्यावर एका पहाटे भजन आमच्या शेजाऱ्यांच्या दाराशी होतं. अप्पा जागेच होते, उशांना टेकून बसलेले. तिथलं कडवं संपलं. मग आमच्या दारापुढे काहीच आलं नाही. नुसती अनवाणी पावलं, आणि कुणीतरी दाबलेला खोकला. मशीनची धाप तेवढी खोलीत चालू राहिली. नंतर पलीकडे, दोन घरं सोडून, टाळ वाजले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"अमच्यासाठी?"

आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं; मशीन घरात येताना गल्लीनं पाहिलं होतं. अम्मा तांदळाची वाटी घेऊन दारातून परत आली होती. तांदूळ तसेच होते.

"मी अजून हाय मणून सांग त्याला," अप्पा म्हणाले. मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. "माझ्या दारांत गायला सांग."

ज्या माणसानं आयुष्यात कधी त्या पात्रात तांदूळ घालू दिला नाही (अम्मा त्यांच्या नकळत घालायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं), त्याला आता दारापुढे भजन हवं होतं. श्रद्धा वगैरे काही नव्हती. गल्लीनं आपल्याला गेल्यात जमा धरलं आहे हे त्यांना सहन होत नव्हतं. पुढचे दिवस त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. औषध नाही, माझ्या भावाचा फोन नाही. रोज पहाटे ते कान देऊन बसायचे, आणि रोज पहाटे ती गप्प पावलं जायची. त्यानंतर ते नाश्त्याला तोंड लावत नसत. वजन उतरायला लागलं. नर्सबाई येऊन पाहून गेल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की, औषधानं जे होतंय ते होतंय, पण या माणसानं आता मनातून धीर सोडू नये एवढं बघ.

मी भागवतरांच्या दुकानात गेले. ते एका गिऱ्हाइकाला पोंगलचं पितळी भांडं वाजवून दाखवत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"तुझ्या अप्पानंच छापलं होतं ते. चाळीस वर्षांत माझी एक गोष्ट ऐकली न्हवती त्यानं. मी त्याची एक ऐकली."

मी म्हटलं की आता तोच माणूस नको म्हणतोय, तर ऐका.

"एका घरापुढे मोडलं तर उद्या सगळेच मणतील, आमच्याही म्हाताऱ्याला गाऊन दाखवा. नाही गायलं तर तो मेला असं होईल. मग ज्याला खरंच झोप होणा, गाणं नको, त्याचं काय?" ते थांबले. "तुला तरी पटतं की नाही सांग. तू तर त्याच्यापेक्षा पक्की."

मला पटत होतं. हाच तर घोळ होता. नियम बरोबर होता, आम्हीच मागितलेला होता आणि माझ्या अप्पांना आतून पोखरत होता. मी तिथे भांडायला गेले होते आणि भांडायला काही उरलं नव्हतं. भागवतरांनीच मग वाट काढली. म्हणाले, रोगी म्हणजे जो अंथरुणावर आहे तो. जो स्वतःच्या दारात उभा आहे, किंवा खुर्ची टाकून बसला आहे, तो घरचा यजमान. यजमानापुढे भजन गप्प कसं बसेल? "त्याला दारात आण. मी असा गाईन की तो पुन्हा पत्रक काढेल."

घरी सांगितल्यावर अप्पा हसले. हसण्यानं खोकला आला, पण हसले. त्या संध्याकाळी त्यांनी दोन इडल्या खाल्ल्या.

दार काही लांब नाही. पलंगापासून मधला चौक, चौकातून सोपा, सोप्याला दार. पण आमच्या मशीनची ताकद कमी, त्यामुळे नळी लांब केली की अप्पांना धाप लागायची. मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन बजावत असते की रोग्याला उगाच चालवू नका, गार हवेत नेऊ नका. आता मीच दुपारी उन्हात खुर्ची चौकात टाकायची, दुसऱ्या दिवशी चौकाच्या कडेला, मग सोप्याच्या पायरीशी. अम्मा मागून उशी धरून. रोज थोडं पुढे. सोप्यापर्यंत पोचलो तेव्हा अप्पा घामानं भिजले होते आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

सकाळी वर्तमानपत्र मी वाचून दाखवायची. ते आग्रहानं परदेशची बातमी आधी मागायचे. एकदा एका इस्पितळाची बातमी होती. तिथे जनरेटरचं तेल संपलं होतं आणि मशीनवर ठेवलेली बाळं एकेक करून हातात घ्यावी लागली होती. मी मध्येच थांबले. "वाच," ते म्हणाले. मी वाचलं. बराच वेळ ते भिंतीतल्या आमच्या प्लगकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या नाकांत ही नळी बघून लाज वाटते." मी चिडून काहीतरी बोलले. बॉम्ब विकणाऱ्यांना लाज वाटू दे, तुम्हाला कशाला, असं काहीतरी. घरात दुसरं कुणी ऐकायला नव्हतं. तो सगळा संताप मशीनच्या आवाजात मिसळून गेला.

त्यातच वीज मंडळाचा देखभालीचा दिवस आला. दिवसभर वीज नाही. ऑटोवाल्यांनी कुठूनतरी सिलिंडर आणून दिला, दिवस निभावला, पण त्या गडबडीत अप्पांना ताप चढला आणि ते पुन्हा अंथरुणाला लागले. हातातल्या बऱ्याचशा पहाटा तापात गेल्या. ताप उतरला तेव्हा महिन्याचा शेवटचा दिवस उरला होता. शेवटचा दिवस म्हणजे भोगी. दुसऱ्या दिवशी पोंगल, आणि भजन पुन्हा पुढच्या मार्गळीला. पुढच्या मार्गळीचं कुणीच घरात बोललं नाही.

मी भागवतरांना निरोप दिला की उद्या नक्की. अम्मानं अप्पांचं इस्त्रीचं धोतर काढून ठेवलं. तांदळाची वाटी भरून दाराजवळ ठेवली, आणि अप्पांनी ती पाहिली तरी हरकत घेतली नाही. "रेशनचा घाल, बारीक नको," एवढंच म्हणाले.

भोगीला इकडे पहाटे जुन्या वस्तू जाळतात. मी या गावात जन्मले, वाढले. आमच्याच गटानं इतर घरांना फोन करून सांगितलं होतं की भोगीच्या सकाळी दारं-खिडक्या बंद ठेवा, धूर आत येऊ देऊ नका. आणि तरी आमच्या दाराचा विचार करताना मला भोगी म्हणजे शेवटची तारीख एवढंच दिसत होतं.

उजाडायच्या आधी आम्ही त्यांना उठवलं, धोतर नेसवलं, सोप्यापर्यंत आणलं. नळी ताणून दारापर्यंत पोचली. अम्मानं कडी काढली, दार उघडलं आणि लगेच बंद केलं. गल्ली दिसतच नव्हती. धुक्यात धूर अडकून राहिला होता, खाली, दाट. जुन्या चटया, केरसुण्या, आणि कुणीतरी टायरसुद्धा टाकलं असावं, कारण तो काळा वास घशाला चिकटत होता. तेवढ्या एका क्षणात जे आत आलं त्यानंच अप्पा खोकायला लागले. ओठ निळसर झाले. आम्ही टॉवेल भिजवून दाराच्या फटीत कोंबले.

त्यांना परत पलंगावर नेतो म्हटलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. खुर्ची बंद दाराला लावायला लावली आणि बसले.

मी बाजूच्या खिडकीच्या फटीशी उभी राहिले. नाकावर ओला रुमाल. बऱ्याच वेळानं धुरातून माणसं आली. भागवतर पुढे, उपरणं तोंडाला बांधलेलं. मागच्या सगळ्यांचंही तसंच. टाळ खांद्याच्या पिशवीत. ते गातच नव्हते. कुणाच्याच दारापुढे नाही. धुरात सूर काढणार कोण? व्रत मोडू नये म्हणून नुसती फेरी पुरी करत चालले होते, डोळे चोळत, खोकत. आमच्या दाराशी भागवतर थांबले. बंद दाराकडे पाहिलं. यजमान दारात नव्हता. ते पुढे गेले.

आत अप्पांना पावलं ऐकू आली, थांबलेली, आणि मग गेलेली. त्यांनी तळवा दारावर ठेवला होता. तो तसाच राहिला.

मी वळून त्यांना सांगितलं. म्हटलं, अप्पा, ते गातच नव्हते. सगळ्यांच्या तोंडाला फडकी होती. आज कुणाच्याच दारात भजन झालं नाही.

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच नाही."

"अख्ख्या गल्लीत?"

"अख्ख्या गल्लीत. मी बघितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. आजाऱ्यांच्या घरी मी चार शब्द बरे बोलले की तिथली माणसं माझ्याकडे असंच बघतात. मग त्यांनी दारावरचा हात काढला आणि माझ्या हातावर थोपटलं.

"चांगलं बोलतीस," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढला माझा. शपथ घेणार होते, पण आमच्या घरात शपथा घेत नाहीत, त्यांनीच शिकवलेलं. भागवतरांना बोलावून आणते म्हटलं, तेच सांगतील. अप्पांनी डोळे मिटून नको अशी मान हलवली. भागवतर आले असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि अप्पांनी त्यांच्याही हातावर थोपटलं असतं. बाहेर जे काही खरं घडलं होतं ते आमच्या बोलण्यात येताच सांत्वनासारखं ऐकू येत होतं, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. ज्या माणसानं मला काहीही छापायच्या आधी खात्री करून घ्यायला शिकवलं, त्याला आता माझी खात्री नको होती.

आम्ही त्यांना पलंगावर नेलं. धोतर सोडलं, लुंगी नेसवली. श्वास स्थिरावायला बराच वेळ लागला. ते भिंतीकडे तोंड करून पडले.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा अम्मा दुसऱ्या दिवशीच्या पोंगलचं भांडं चिंचेनं घासत होती. घासणं न थांबवता, खोलीपर्यंत जाणार नाही इतक्या हळू आवाजात तिनं विचारलं,

"मला तरी खरं सांग. आपल्याच दारापुढे गप्प झाले की सगळीकडे?"

मी सांगितलं, सगळीकडे.

तिनं मान डोलावली, भांडं उलटं केलं, आणि तळ घासायला लागली.